मेंदूचे शास्त्र आणि मुळशीचे खोरे

ज्या इंद्रियाच्या बळावर मनुष्य आकाशातील ग्रहांची गणिते मांडीत आला, त्या इंद्रियाचा विचार करावयास त्याने फार उशीर लावला. सूर्यचंद्रांची ग्रहणे आधी वर्तविणाऱ्या पंडितांस आपल्या कवटीच्या आत काय चालले आहे याची वार्ता नव्हती. विचारांचे स्थान हृदय होय, असे कित्येक थोर पुरुषांनी मानले. आणि आपणही एखादी गोष्ट ‘मनात आली’ असे सांगताना हात नेतो तो छातीकडेच. मेंदूच्या घडणीची खरी ओळख पटू लागून सुमारे दीडशेच वर्षे झाली आहेत. इटलीत कामिल्लो गोल्जी याने १८७३ साली चांदीच्या क्षारांनी मज्जापेशी काळ्या रंगविण्याची युक्ती काढली, आणि स्पेनमधील सांतियागो रामोन इ काहाल याने ती हाती घेऊन पूर्णत्वास नेली. गोल्जीच्या मते मेंदू म्हणजे अखंड विणलेले एक जाळे. काहालच्या मते प्रत्येक मज्जापेशी स्वतंत्र, परंतु शेजारणीशी तिचा व्यवहार मात्र अखंड. १९०६ साली दोघांस नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तथापि काळाने कौल दिला तो मुख्यतः काहालच्या बाजूने.

या काहालच्या चरित्रातील एक गोष्ट प्रस्तुत विषयास फार उपयोगी आहे. स्पेन हा त्या काळी विज्ञानात मागासलेला देश, आणि काहाल एकटाच काम करीत असे. त्याचे लेख स्पेनबाहेर फारसे कोणी वाचीत नसे. अखेर १८८९ साली स्वतःच्या पदरचा पैसा खर्चून तो बर्लिन येथे भरलेल्या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञांच्या सभेस गेला आणि आपल्या काचपट्ट्या त्याने जमलेल्या पंडितांस एकेक करून दाखविल्या. वृद्ध आचार्य क्योलिकर यांनी त्या पाहिल्या, त्यांची खात्री पटली, आणि तेथून पुढे काहालचे नाव युरोपभर झाले. शोध तोच होता, माणूस तोच होता. फरक एवढाच की, त्यास आता मंडळी मिळाली होती. ज्ञान एकट्याच्या डोक्यात जन्मास येते हे खरे, परंतु ते वाढते मात्र मंडळींत. मेंदूच्या शास्त्रास तर हे विशेषच लागू आहे. कारण त्यास शरीरशास्त्रज्ञ, वैद्य, रसायनवेत्ता, गणिती आणि मानसशास्त्रज्ञ असे पाचही जण लागतात, आणि याखेरीज सहावा लागतो तो रोगी.

आमच्या महाराष्ट्रात अशी मंडळी केव्हा जमली, कोठे जमली, आणि विद्यापीठांचा तीत भाग किती होता, याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. आमचे म्हणणे आरंभीच थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात मेंदूचे शास्त्र तीन निरनिराळ्या घरांत वाढले. शिकविण्याचे काम विद्यापीठात, उपचाराचे रुग्णालयात, आणि शोधाचे काम स्वतंत्र संशोधनसंस्थेत. ही तिन्ही घरे थोर निघाली. परंतु त्यांमधील दारे फार काळ बंद राहिली, आणि त्यामुळे जे नुकसान व्हावयाचे ते झाले.

हा इतिहास आम्ही मुळशीच्या खोऱ्यातून पाहू इच्छितो, याचे वाचकांस नवल वाटेल. मुळशी म्हटले की सर्वांस आठवतो तो १९२१ सालच्या रामनवमीस सुरू झालेला सत्याग्रह. टाटा कंपनीने मुळा नदीवर धरण बांधून मावळ्यांची भाताची खाचरे पाण्याखाली घालण्याचे ठरविले, आणि सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे ठाकले. लढा तीन वर्षे चालला, पुष्कळांनी तुरुंगवास भोगला, परंतु धरण झाले. पूर्वेस पुण्याकडे वाहणारे मुळेचे पाणी सह्याद्रीतून पश्चिमेस उतरविण्यात आले, आणि १९२७ साली भिरा येथील वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळू लागली. त्या वेळी टाटांच्या कारभाराचे धुरीण सर दोराबजी टाटा होते. १९३२ साली त्यांनी आपली संपत्ती ज्या न्यासाच्या हवाली केली, त्याच न्यासास होमी भाभा यांनी १९४४ साली पत्र लिहून एका संशोधनसंस्थेची मागणी केली. आणि १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था जन्मास आली. मज्जासंस्थेच्या आधुनिक संशोधनाचे महाराष्ट्रातील एक प्रमुख पीठ पुढे तेथेच झाले. त्या संपत्तीत मुळशीच्या पाण्याचा वाटा किती, याचा रुपये-आण्यांत हिशेब मांडण्याचे कारण नाही. परंतु मोठ्या विद्येच्या पाठीशी कोणाचा तरी त्याग उभा असतो, एवढे ध्यानात ठेवून पुढे जाणे बरे.

आता विद्यापीठाकडे वळू. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हेच त्याचे मुख्य काम ठरले. त्याच्या आधी बारा वर्षे, १८४५ साली, ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय निघाले होते, आणि तेथे मेंदूची रचना विद्यार्थ्यांस शिकविली जात असे. परंतु ती शिकविली जाई ती पाठ करण्याची वस्तू म्हणून. मेंदूविषयी एखादा नवा प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर स्वतः शोधावे, ही कल्पना त्या व्यवस्थेत बसतच नव्हती. यात अध्यापकांचा दोष थोडा. कारण त्यांच्याकडून कोणी तशी अपेक्षा केली नव्हती, आणि साधनेही दिली नव्हती.

म्हणून ज्यांस प्रश्न पडले त्यांस विद्यापीठाबाहेर घर बांधावे लागले. मुळशीच्या उत्तरेस लागून असलेल्या मावळात, लोणावळ्यास, जगन्नाथ गणेश गुणे ऊर्फ स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली कैवल्यधाम काढले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. आसने व प्राणायाम यांचे शरीरावर होणारे परिणाम क्ष-किरणांनी व दाबमापकांनी मोजून पाहावे, नुसत्या श्रद्धेवर अथवा नुसत्या उपहासावर भिस्त ठेवू नये, हा त्यांचा बाणा होता. हे आजच्या अर्थाने मेंदूचे शास्त्र नव्हे. तथापि मन आणि शरीर यांच्या संबंधाविषयीचा प्रश्न प्रयोगशाळेत आणण्याचा तो महाराष्ट्रातील एक आद्य यत्न होय, आणि तो विद्यापीठाच्या छपराखाली झाला नाही, हे सूचक आहे.

दुसरे घर रुग्णालयाचे. १९५१ साली जेकब चँडी, बी. रामामूर्ती, एस. टी. नरसिंहन् आणि बलदेव सिंग या चौघांनी भारतीय मज्जाशास्त्र परिषद स्थापिली, तेव्हा सबंध देशात या विषयाचे जाणते बोटांवर मोजण्याइतके होते. मुंबईत डॉ. नोशिर वाडिया यांनी लंडनचे शिक्षण संपवून १९५७ साली जे. जे. रुग्णालयात मज्जारोगांचा विभाग उभारला. त्यांच्याकडे काही रोगी असे येत की, चालताना त्यांचा झोक जाई, हात थरथरत, आणि विशेष म्हणजे त्यांचे डोळे एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे अतिशय मंदपणे वळत. वाडियांनी रोग्याची नुसती नाडी पाहिली नाही. त्याचे भाऊ, बहिणी, आईबाप यांचीही विचारपूस केली. अशा नऊ कुटुंबांचा वृत्तांत त्यांनी व त्यांचे सहकारी डॉ. स्वामी यांनी १९७१ साली प्रसिद्ध केला, आणि आनुवंशिक रोगाचा एक नवा प्रकार जगास कळला. त्याचे मूळ असलेले जनुक १९९६ साली परदेशात सापडले. १९७१ च्या सुमारास डोळे येण्याची जी मोठी साथ आली, तीत काही रोग्यांचे पाय मागाहून लुळे पडले. त्याचीही नोंद वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली. शोधाचा कच्चा माल रुग्णालयाच्या ओसरीवर बसलेला असतो, फक्त पाहणारा पाहिजे, हे या उदाहरणावरून दिसते. परंतु त्या नऊ कुटुंबांच्या रक्तातील रहस्य उलगडण्याची प्रयोगशाळा तेव्हा वाडियांच्या शेजारी नव्हती. शोधाचा पूर्वार्ध मुंबईत झाला आणि उत्तरार्ध परदेशात, तोही पाव शतकाने.

तिसरे घर संशोधनसंस्थेचे. १९६२ साली लिओ झिलार्ड या विख्यात शास्त्रज्ञाच्या शिफारशीवरून भाभांनी ओबैद सिद्दीकी नावाच्या तीस वर्षांच्या तरुणास बोलावून घेतले आणि पदार्थविज्ञानाच्या त्या संस्थेत जीवशास्त्राची शाखा काढली. सिद्दीकींचे आरंभीचे काम जीवाणूंवर होते. पुढे कॅलिफोर्नियात सेमूर बेन्झर यांच्यासमवेत त्यांनी फळमाशी हाती घेतली. पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारे जे क्षुद्र चिलट, तेच हे. या माश्यांत काही जाती अशा आढळल्या होत्या की, साधारण हवेत त्या खुशाल हिंडत, परंतु उष्णता ठराविक मर्यादेवर चढताच लुळ्या होऊन पडत, आणि गारवा मिळाला की पुनः उठून चालू लागत. अशा माश्यांच्या मज्जातंतूंत नेमका बिघाड कोठे आहे, हे सिद्दीकी व बेन्झर यांनी विजेच्या सूक्ष्म मापनाने तपासले आणि आपले निष्कर्ष १९७६ साली प्रसिद्ध केले. त्यांपैकी एका जातीत मज्जातंतूतून संदेश वाहून नेणारे सोडियमचे द्वारच सदोष असते, हे पुढे १९८९ साली सिद्ध झाले. एका जनुकात फरक पडला की वागणुकीत फरक पडतो, ही गोष्ट येथे हातावरील आवळ्याप्रमाणे स्पष्ट झाली.

मुंबईस परतल्यावर सिद्दीकींनी हीच माशी घेऊन रस आणि गंध यांच्या ज्ञानाचा शोध आरंभिला. त्यांची प्रमुख शिष्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज. मूळ कुटुंब गोव्याचे, जन्म व बालपण केनियातील, शिक्षण डब्लिनचे. सिद्दीकींच्या कामाविषयी वाचून तिने तेथूनच त्यांस पत्र धाडले आणि ती मुंबईस आली. कडू-गोड ओळखण्यात चुकणाऱ्या व वास न कळणाऱ्या माश्या निवडून काढण्याचे काम गुरुशिष्यांनी १९७८ पासून प्रसिद्ध केले. गंध ओळखणाऱ्या ग्राहकांची जनुके अमेरिकेत ॲक्सेल व बक यांनी १९९१ साली शोधली, आणि त्याबद्दल २००४ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले; परंतु त्यापूर्वी तेरा वर्षे या प्रश्नास मुंबईत अनुवंशशास्त्राच्या वाटेने हात घातला गेला होता, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगण्यासारखी आहे. सिद्दीकींनी आणखी एक महत्त्वाचे काम केले. १९७५ पासून त्यांच्या मंडळींनी महाबळेश्वरास आधुनिक जीवशास्त्राच्या परिषदा भरविण्यास आरंभ केला. जगातील नामांकित शास्त्रज्ञ आणि येथील नवशिके विद्यार्थी एकाच मांडवाखाली बसू लागले. काहालला बर्लिनपर्यंत जावे लागले होते. येथे बर्लिनच सह्याद्रीच्या माथ्यावर आणण्याचा यत्न होता.

परंतु येथेही एक दार बंदच राहिले. संस्थेतील विद्यार्थ्यांस पीएच. डी. ची पदवी मुंबई विद्यापीठ देई, तथापि बी. एस्सी. च्या वर्गात बसलेल्या शेकडो मुलांस कुलाब्याच्या टोकाशी काय चालले आहे याचा गंध नसे. पुढे १९९१ च्या सुमारास सिद्दीकींनी बंगळूर येथे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभारले आणि रॉड्रिग्ज प्रभृती मंडळी कालांतराने तिकडे गेली. मुंबईचे काम मात्र थांबले नाही. डॉ. शुभा टोळे यांनी गर्भावस्थेत मेंदूचा कोणता भाग कसा घडतो याचे संशोधन तेथेच केले, आणि २०२३ साली आंतरराष्ट्रीय मेंदू संशोधन संघटनेचे अध्यक्षपद स्वीकारले. विकसनशील देशातील शास्त्रज्ञास हा मान प्रथमच मिळाला. तिन्ही घरे एकत्र नांदू शकतात, याचेही उदाहरण बंगळूरनेच दाखविले. तेथे १९५४ सालची मानसिक आरोग्याची अखिल भारतीय संस्था आणि जुने मनोरुग्णालय १९७४ साली एकत्र करण्यात आले. शिक्षण, उपचार व संशोधन ही तिन्ही एकाच आवारात आली, आणि मृतांच्या नातलगांनी दान केलेले मेंदू अभ्यासासाठी जतन करणारी पेढीही तेथे निघाली.

पुण्याची हकीकत याहून बोधप्रद आहे. पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले आणि पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० च्या जानेवारीत उघडली. दोहोंत अंतर थोडेच. तथापि एकीचे काम मुख्यतः शोधाचे आणि दुसरीचे शिकविण्याचे, अशी वाटणी सर्व देशात रूढ झाली होती आणि पुणेही तिला अपवाद नव्हते. नागपूर विद्यापीठात राहून मासे व उंदीर यांच्या मेंदूतील रसद्रव्यांचा अभ्यास वर्षानुवर्षे करणारे प्रा. निशिकांत सुभेदार यांच्यासारखे अपवाद होते. पण अपवाद म्हणूनच त्यांचे मोल अधिक. ही वाटणी घातक आहे हे उशिरा ध्यानात आले, आणि २००६ साली पुणे व कोलकाता येथे विज्ञानशिक्षण व संशोधन यांच्या नव्या संस्था सरकारने काढल्या. बारावी झालेल्या मुलाने पाच वर्षे सलग शिकावे आणि त्यास शिकविणारा मनुष्य स्वतः संशोधक असावा, हे त्यांचे सूत्र. प्रा. सुभेदारही पुढे पुण्याच्या संस्थेत आले.

ही संस्था पाषाणास आहे, म्हणजे मुळशीच्या वेशीवर. पाषाणातून वाहणारी राम नदी मुळशी तालुक्यातच उगम पावते. तेथे झेब्रा फिंच नावाच्या इवल्या पक्ष्याचा नर आपल्या बापाचे गाणे कसे शिकतो याचा अभ्यास चालतो; मनुष्याचे मूल भाषा कशी शिकते, या कोड्याशी त्याचे जवळचे नाते आहे. उगवती मज्जापेशी आपली वाट कशी शोधते, स्मरणाच्या वेळी दोन पेशींच्या सांध्यावर काय घडते, हेही प्रश्न तेथे प्रयोगाने व गणिताने सोडविले जातात. तेथील एक गट उंदरांच्या गंधज्ञानावर काम करीत होता. २०२० साली कोविडची साथ आली तेव्हा त्याच गटाने माणसांची वास घेण्याची शक्ती मोजणारे उपकरण तयार केले, आणि बाह्यतः निरोगी दिसणाऱ्या बाधितांतही ती शक्ती मंदावलेली असते, हे दाखवून दिले. उंदरांसाठी मिळविलेली विद्या माणसांच्या संकटात अशी उपयोगी पडली, याचे कारण प्रयोगशाळा आणि रोगी एकाच गावात होते, आणि या खेपेस मधले दार उघडले गेले.

इतके झाल्यावर एक जुना प्रश्न उरतोच. आकडी येऊन पडलेल्या माणसाच्या नाकाशी कांदा अथवा पायातील वहाण धरण्याची चाल आपल्याकडे अद्यापि सरसहा दृष्टीस पडते. आणि ती खेड्यातच आढळते असे नव्हे. या देशात फेफऱ्याच्या रोग्यांची संख्या एक कोटीच्या आसपास असावी असा अंदाज आहे. मज्जातंतूतील ज्या सोडियमच्या द्वाराचा दोष सिद्दीकींच्या माशीत आढळला, त्याच जातीच्या द्वारांचे दोष माणसातील काही प्रकारच्या फेफऱ्यास कारण होतात. आणि १९३८ पासून उपयोगात असलेले फेनिटॉइन हे औषध याच द्वारांवर आपला अंमल गाजविते. म्हणजे माशीपासून माणसापर्यंत ज्ञानाची साखळी पूर्ण आहे. तुटलेला दुवा आहे तो ज्ञानी आणि शेजारी यांच्यामधील. मुलीस फेफरे येते हे तिच्या लग्नापर्यंत लपवून ठेवणारे घर पुण्यापासून दहा कोसांवरच असेल असे नाही. ते सदाशिव पेठेतही असू शकेल.

आज मुळशीच्या टेकड्यांवर विद्येची नवी नगरे वसली आहेत. लवळ्याच्या माळावर, जेथे पूर्वी गुरे चरत, तेथे विद्यापीठांच्या इमारती उभ्या आहेत. २०२० साली तेथे स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि त्यास जोडून रुग्णालयही झाले. शिकविणारे, उपचार करणारे आणि रोगी हे तिघे एकाच खोऱ्यात आले, आणि संशोधकांची मंडळी घाट न उतरता तासाभरात गाठावी एवढ्या अंतरावर आहे. मुंबईस जे साधले नाही ते येथे साधणे अशक्य नाही.

यावर कोणी म्हणेल की, मेंदूचे संशोधन हा श्रीमंत राष्ट्रांचा खेळ आहे. जेथे साधा ताप बरा करण्याची पंचाईत, तेथे माश्यांच्या नाकांची चौकशी कशाला? आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. मोठाली यंत्रे कोट्यवधी रुपये गिळतात, आणि ती विकत घेऊन झाकून ठेवणाऱ्या संस्थाही असतात. परंतु या इतिहासात जे खरोखर फळास आले ते पाहा. सिद्दीकींच्या माश्या बाटल्यांत वाढत असत. वाडियांचे मुख्य साधन म्हणजे त्यांचे डोळे आणि नऊ कुटुंबांशी केलेले संभाषण. उणीव पैशाची होती, नाही असे नाही. पण त्याहून मोठी उणीव होती ती एकमेकांच्या घरी जाण्याची. वैद्याने प्रयोगशाळेत जावे, प्रयोगकर्त्याने रुग्णालयाच्या ओसरीवर बसावे, दोघांनीही पहिल्या वर्षाच्या वर्गास शिकवावे, आणि हे सर्व आसपासच्या लोकांस मराठीत सांगावे, यास फार मोठे अनुदान लागत नाही.

शंभर वर्षांपूर्वी मुळशीच्या लोकांस सांगण्यात आले होते की, तुमची खाचरे जातील, पण देशाचे कल्याण होईल. त्यांनी ते मान्य केले नाही. तरी खाचरे गेली. देशाचे कल्याण काही अंशी झाले, मुंबईस वीज मिळाली; परंतु ज्यांची जमीन बुडाली त्यांच्या वाट्यास त्यातील किती आले, हा प्रश्न सेनापती बापटांच्या काळी होता तसाच आजही उभा आहे. आता त्याच तालुक्याच्या जमिनीवर विद्यापीठे आली आहेत. त्यांच्या थोरवीची परीक्षा त्यांनी छापलेल्या निबंधांच्या संख्येवरून होईल ती होवो. आमच्या मते खरी परीक्षा ही की, त्या टेकडीखालच्या गावात आकडी येऊन पडलेल्या पोरीच्या नाकाशी कांदा धरण्याऐवजी तिला कुशीवर वळवावे आणि मग औषध द्यावे, हे तिच्या आईस कोणी येऊन सांगितले की नाही. ज्या दिवशी ते सांगितले जाईल, त्या दिवशी महाराष्ट्रातील मेंदूच्या शास्त्रास खरी मंडळी लाभली असे आम्ही समजू.